धुरातून चाळीस पावलं

मित्रांनो, तुम्ही मला लांबून पाहिलंत तर बुचकळ्यात पडाल. पुढे स्टिअरिंग आणि मागे पडद्याची खिडकी! म्हणून आधीच सांगतो, मी एक जुना टेम्पो आहे आणि एक नवं घर आहे. पूर्वी माझ्या पोटात भेंडी निजायची, आता माणसं निजतात.

कारखान्यातला जन्म मला फारसा आठवत नाही. आठवतो तो मुरबाड तालुक्यातला, धसईजवळचा, कमळूच्या अंगणातला पहिला दिवस. कमळू माझा मालक. त्याच्या बायकोनं, राहीनं, माझ्या चाकांवर पाणी घातलं आणि कपाळाला हळद-कुंकू लावलं. दुसऱ्याच दिवशी कमळूनं पेंटर बोलावून त्या कपाळावर मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं, 'राही'. ती इतकी लाजली की आठ दिवस माझ्यासमोरून मान खाली घालून जायची. बाजारात लोक कमळूला चिडवायचे, "काय रे, बायकोला रोज कल्याण दाखवतो, साडी कधी घेशील?"

सतरा वर्षं मी कल्याणच्या बाजारात भेंडी वाहिली, काकडी वाहिली, गवार वाहिली. वऱ्हाडं नेली. एकदा अडलेल्या बाळंतिणीला मुरबाडला पोचवलं, तेव्हा माझा खडखडाट मलाच नकोसा झाला होता. त्या दिवसांत धसईच्या बाजारात माझा हॉर्न लोकांच्या ओळखीचा होता.

मग माझं इंजिन थकलं. ते काढून नेलं आणि मला बांधाला उभं केलं. कोंबड्या हौद्यात अंडी घालू लागल्या. दुधीचा वेल आरशापर्यंत चढला. रस्त्यानं नवी पिकअप गेली की माझ्या पत्र्याला उगाच कंप सुटायचा.

कमळू मात्र मला विसरला नाही. दर अमावस्येला तो यायचा, लिंबू-मिरची बांधायचा आणि पायपंपानं चारी चाकांत हवा भरायचा. त्याची मुलगी दामिनी हसायची.

"बाबा, इंजिन नाय त्याला. चालणार हाय का तो?"

"चालणार नाय गो. पण उभा तरी ताठ ऱ्हाऊ दे."

याच दामिनीनं पुढे माझा जन्म बदलला. ती भिवंडीच्या एका गोदामात कामाला होती. दिवसभर खोकी चिकटवायची आणि रात्री फोनवर इवल्या इवल्या घरांची चित्रं बघायची. शहरातली माणसं दोन दिवस अशा घरांत राहायला येतात, हे तिनं त्यातच पाहिलं. ती काम सोडून गावी आली आणि माझ्या हौद्यावर तिनं लाकडाची खोली उभारली. एक पलंग, एक फळी, भिंतीला मिटणारं टेबल. डोंगर दिसावा म्हणून तिनं मला ट्रॅक्टरनं ओढून शेताच्या वरच्या कडेला नेलं. चाकं काढून खाली दगडी ओटा घालू म्हणाली, तेव्हा मात्र कमळू आडवा आला.

"चाकांना हात लावायचा नाय. आणखी एक सांगतो. या उन्हाळ्यात माणसं आली तर बरं. नाय आली, तर चंदर भंगारवाला याला नेईल, अन् तू परत गोदामात."

"चालंल," दामिनी म्हणाली. पण त्या संध्याकाळी तिनं माझी पायरी दोनदा पुसली.

चैत्र उजाडला आणि पहिले पाहुणे आले. डोंबिवलीचे शेखर, मनस्वी आणि त्यांची सात वर्षांची अक्षदा. शनिवार सोन्याचा गेला. अक्षदानं पलंगावर बसूनच फळी, टेबल, खिडकी सगळ्यांना हात लावून पाहिला. "आई, इथे काही हरवणारच नाही," ती म्हणाली. मनस्वीनं खिडकी उघडून लांब श्वास घेतला. "हवा बघ रे कशी आहे." बाहेर हंडा घेऊन उभी असलेली दामिनी ते ऐकून हसली.

रविवारी सकाळी कमळूनं राब पेटवला.

मित्रांनो, भाताचं रोप जिथे वाढवायचं, त्या तुकड्यावर आमच्याकडे पावसाआधी शेण, ऐनाच्या फांद्या आणि पाचोळा पसरून जमीन भाजतात. तण जळतं, रोप जोमानं येतं. त्याला राब म्हणतात. गावात सगळ्यांचे राब भाजून झाले होते. कमळूनं मात्र आपला आठ दिवस राखून ठेवला होता, पाहुण्यांसाठी. गाव बघायला येणाऱ्यांना यापेक्षा चांगलं काय दाखवायचं? गंमत म्हणून त्यानं दामिनीलाही सांगितलं नव्हतं.

पेटवण्याआधी चिमूटभर राख सोडून त्यानं वारा पाहिला होता. वारा ओढ्याकडे जात होता. अर्ध्या तासात तो फिरला आणि सगळा धूर माझ्या खिडकीतून आत शिरला. अक्षदा खोकत बाहेर आली. मनस्वी बॅगा भरू लागली.

"शहरातला धूर सोडून आलो, तर इथे हा," ती म्हणाली. "शेखर, गाडी काढ."

कमळू हातात फांदी घेऊन उभा होता. "तुमच्यासाठीच ठेवला होता ओ," एवढंच तो बोलला.

शेखरनं मवाळ आवाजात विचारलं, "काका, विझवता येईल का?"

"येईल. पण भुई कच्ची ऱ्हाईल. मग रोप नाय धरत."

दामिनी मात्र हंडा घेऊन राबाकडे निघालीच होती. तिच्या डोळ्यांत धूर होता की पाणी, मला कळेना. राहीनं तिचा हात धरला. "पाणी नको गो घालू. खायचं काय मग?"

तेवढ्यात अक्षदा माझ्या चाकाशी वाकली आणि तिनं टायर दाबून पाहिला. "बाबा, ह्यात हवा आहे. घरच बाजूला घेऊ या ना."

मग कमळूनं फांदी टाकली आणि वाकून चाकांखालचे दगड काढले.

बांधाच्या कडेनं, चाळीस पावलांवर, जांभळाचं झाड होतं. तिथे धूर जात नव्हता. अक्षदाला स्टिअरिंगपुढे बसवलं. कमळूनं दारातून हात घालून स्टिअरिंग धरलं. मागून शेखर, दामिनी आणि राही टेकले. मनस्वी क्षणभर बॅग घेऊन उभी राहिली, मग बॅग खाली ठेवून तीही आली. मी आधी नुसताच करकरलो. मग चाक फिरलं, तेव्हा मला वाटलं, माझ्या पोटात पुन्हा पहाटेची भेंडी आहे आणि समोर कल्याणचा रस्ता आहे. राहीनं ढकलताना जात्यावरचा सूर धरला:

"राब भाजला भाजला, धूर गेला रानोमाळ,
आज काळी माझी भुई, उद्या हिरवी सकाळ."

जांभळाखाली पोचलो तेव्हा सगळ्यांचे हात काळे झाले होते. मनस्वीनं आपला हात नाकाला लावला आणि तिच्याच नाकाला काजळी लागली. अक्षदा खोखो हसली. बॅगा परत आत आल्या. दुपारी सगळ्यांनी सावलीतून राब विझेपर्यंत पाहिला, आणि मनस्वीनं राहीकडून ती ओवी दोनदा म्हणवून घेतली. जाताना ती दामिनीला म्हणाली, "भात कापताना आम्ही परत येणार. तेव्हा घर कुठे उभं करायचं, ते अक्षदा ठरवेल."

मंगळवारी चंदर भंगारवाला आला. कमळूनं त्याला चहा पाजला आणि तसाच वाटेला लावला.

मित्रांनो, तुमच्याही घरी कुणी जुनं कोपऱ्यात उभं असेल. त्याला रोज काम द्या असं मी म्हणत नाही. तेवढी चाकांत हवा असू द्या.

काल अमावस्या होती. मी नेहमीसारखी कमळूची वाट पाहत होतो. पायपंप घेऊन दामिनी आली.