पान सतरा, ओळ चौथी

नवीन कॉम्प्युटर घेतला की माणूस सुखी होतो म्हणणाऱ्याला माझ्या खोलीत चार दिवस कोंडायला हवं. मी फोटोकॉपीची मशिनं दुरुस्त करतो. यंत्रांशी माझं जमतं, माणसांशी जमत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण लहानपणचा तो गुहेतल्या खजिन्याचा गेम नव्या मशिनवर सुरू करताना माझ्याही नाकी नऊ आले.

आधी कॉम्प्युटर म्हणाला, हे इथे चालणार नाही. बरं बाबा, तू शहाणा! मग मी दुसरा एक प्रोग्रॅम टाकला. तो नव्या मशिनच्या पोटात जुन्या मशिनचं सोंग आणतो. गेम उघडला, तर त्यातला कंदीलवाला असा उधळला की बटण दाबायच्या आत भिंतीवर आपटून मेला. जुने गेम मशिनच्या वेगानेच पळायचे, आणि आता तो वेग कुठल्या कुठे गेलाय. वेग कमी केला तर लेकाचा जागचा हलेना. रविवारी दुपारी एकदाचा तो माणसासारखा चालायला लागला आणि मी ओरडलो, "वा रे पठ्ठ्या!" ऐकायला घरात कुत्रंही नव्हतं.

पहिली गुहा संपली आणि दारावर प्रश्न आला: पुस्तकाचं पान सतरा, ओळ चौथी, शब्द तिसरा. नकली कॉपी पकडायची ही त्या काळची रीत. गेमबरोबर पुस्तक यायचं, ते ज्याच्याकडे असेल त्यालाच पुढे वाट. तीनदा चुकलं की गेम बंद.

पुस्तक ताईकडे होतं. आमची वाटणीच तशी: कीबोर्ड माझा, पुस्तक तिचं. लग्न होऊन जाताना ती ते घेऊन गेली.

ताईशी सहा वर्षं बोलणं नव्हतं. बाबा गेले तेव्हा ती दोन दिवस उशिरा पोचली, आणि मी भरल्या घरात म्हणालो, "पाहुणे आले, चहा टाका कुणीतरी." माझी जीभ, दुसरं काय.

हा प्रश्न चुकवायची युक्ती इंटरनेटवर फुकट मिळते. मला ती पहिल्या दिवसापासून माहीत होती. खरं सांगतो, गेम कुणाला हवा होता? मला फोन करायला कारण हवं होतं.

"कोण?" तिने विचारलं. माझा नंबर तिने ठेवला नव्हता.

"मी."

"बरा आहेस ना?" ती म्हणाली.

"बराय. ते गुहेच्या गेमचं पुस्तक आहे का गं तुझ्याकडे?"

"सहा वर्षांनी हे विचारायला फोन केलास? धन्य आहेस!" मग खुर्ची ओढल्याचा आवाज आला. परत आली तेव्हा तिला धाप लागली होती. "सांग."

"पान सतरा, ओळ चार, शब्द तीन."

"लँटर्न."

तो टाकला असता तर दार उघडलं असतं आणि तिने फोन ठेवला असता. मी भलताच शब्द टाकला. "नाही म्हणतोय. आता पान नऊ, ओळ दोन, शब्द पाच."

"रिव्हर."

तोही चुकवला. तिसराही. गेम बंद पडला. "पहिली गुहा पुन्हा खेळावी लागेल," मी म्हणालो. "थांबशील?"

ती थांबली. पाच-सहा मिनिटं मी खेळत होतो आणि तिचा श्वास ऐकत होतो. फार बरं वाटत होतं. दार आलं. "पान एकवीस, ओळ सहा, शब्द पहिला."

"ढब्बू, लहानपणी तू एकही शब्द चुकवायचा नाहीस."

मी कीबोर्डवरून हात काढला. "ताई, त्या दिवशी माझं चुकलं."

"हो, चुकलं." पान उलटल्याचा आवाज आला. "ब्रिज. या वेळी नीट टाक."

मी नीट टाकलं. दार उघडलं.

"पत्ता तोच ना? पुस्तक कुरियरने पाठवते," ती म्हणाली. "उगाच अडायला नको तुझं."

"अगं, राहू दे तुझ्याकडेच. लागलं की विचारेन."

"नको. पाठवते."

बुधवारी पाकीट आलं. पुस्तकाला नवं कव्हर घातलं होतं, फाटलेला कोपरा चिकटवला होता. मी एकेक पान उलटून पाहिलं, मग पाकीट उलटं करून झटकलं. चिठ्ठी नव्हती.