खाली ठेवलेला पेला

"कडू काढा नुसता! वास घेतला आणि ठेवून दिला खाली. तर म्हातारा असा गहिवरला म्हणून सांगू! छातीवर हात काय ठेवला, आणि सगळ्या घराची मतंच देऊन टाकली मला. नाही रे, लढाईचा विषयच निघाला नाही. त्याच्या आतच काम झालं."

हे बोलणं आमच्यासाठी नव्हतं. राष्ट्राध्यक्षांच्या प्रचाराला आलेला ट्रॅव्हिस बाहेर पायऱ्यांवर उभा राहून कुणाला तरी फोनवर सांगत होता. स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती आणि खिडकीमागे या घरची नवी सून, अरीज, मला विसळत होती. तिचे हात थांबले. साबणाचा फेस माझ्या कडेवरून ओघळत राहिला.

मी तोच पेला. ज्याचा वास घेऊन खाली ठेवला, तो. मला कान नाही, म्हणजे धरायची कडी नाही. ऐकू मात्र सगळं येतं.

आम्ही सहा भावंडं. तळाशी चीनचा शिक्का असला तरी स्वतःला अम्मानचेच समजतो, कारण तिथल्या बाजारात अरीजच्या सासऱ्यानं, अबू घसाननं म्हणजे घसानच्या बापानं, आम्हाला घेतलं आणि आपल्या सदऱ्यांत गुंडाळून अमेरिकेत डिअरबॉर्नला आणलं. इथल्या मोटारींच्या कारखान्यात त्यानं उमेदीची वर्षं घालवली. आमच्यातले दोघे फुटले, एक शेजारणीकडे गेला तो गेलाच. माझ्याही कडेचा एक टवका उडालाय. पण अबू घसान महत्त्वाच्या पाहुण्याला मलाच पुढे करतो. म्हणतो, "हा पायगुणाचा आहे."

तळाला जेमतेम घोटभर, वेलदोड्याची, बिनसाखरेची कॉफी घालून मला पाहुण्याच्या हातात देतात. पाहुणा प्याला तर तो नुसता पाहुणा. न पिता त्यानं मला खाली ठेवलं, तर तो काहीतरी मागायला आलाय. मग यजमान विचारतो, काय हवं? आणि द्यायचं ठरलं की म्हणतो, "प्या कॉफी. जे मागायला आलात ते दिलं." एकदा हे म्हटलं की माघार नाही. खुनाची भांडणं मिटतात यावर, लग्नं ठरतात.

अरीजचंही असंच ठरलं. शिकागोजवळ तिच्या वडिलांच्या घरी अबू घसाननं मला गालिच्यावर ठेवलं आणि मुलासाठी, घसानसाठी, तिला मागितलं. तिचे वडील "आलोच" म्हणून उठले, आत गेले. बराच वेळ गेला. माझ्यातली कॉफी निवली, घसानच्या कपाळावर घाम आला. मग वडील बाहेर आले आणि म्हणाले, "प्या."

ट्रॅव्हिसच्या वेळी मात्र कुणी उठून आत गेलं नाही. त्या बिचाऱ्याला यातलं काय ठाऊक! त्यानं मला खाली ठेवलं ते कडू वासानं. अबू घसानला वाटलं, पोरगा परका, पण रीत शिकून आलाय, आपला मान ठेवतोय. या देशात इतक्या वर्षांत कुणी त्याच्यापुढे पेला खाली ठेवला नव्हता. म्हातारा विरघळला. "काय हवं, बेटा?" ट्रॅव्हिस म्हणाला, "तुमच्या घराचा पाठिंबा." आणि अबू घसान म्हणाला, "पी कॉफी."

त्या रात्री जेवताना ताटापेक्षा तोंडंच जास्त वाजली.

"ज्यानं दिलेल्या विमानांनी गाझात घरं पाडली, त्याला मत?" घसान म्हणाला.

"आणि दुसरा उमेदवार काय करणार आहे?" अबू घसाननं भाकरी मोडली. "म्हणतो, आपल्यासारख्यांना विमानतळावरूनच परत पाठवीन. माझ्या भावाचा मुलगा व्हिसासाठी थांबलाय. त्याला काय सांगू?"

"एक घर जाळतो, दुसरा म्हणतो राखसुद्धा आमच्याकडे आणू नका," सासू उम्म घसान म्हणाली. "निवडा आता, कोणता जावई पसंत आहे ते."

"मी कुणालाच देणार नाही," घसान म्हणाला.

"म्हणजे त्या दुसऱ्याला दिल्यासारखंच!"

"बाबा, हे वाक्य ट्रॅव्हिसचं आहे."

"असेल! शब्द माझा आहे. मतपत्रिका टपालानं आल्या की नेहमीसारख्या सगळ्यांनी या टेबलाशी बसून भरायच्या. माझ्यासमोर. सूनबाई, तुझीही."

अरीजनं भात वाढला. या घरात ती फार बोलत नाही. सासूला वाटतं लाजते, सासऱ्याला वाटतं ऐकते. भांडी घासताना ती पुटपुटते, ते फक्त आम्हाला कळतं.

नागरिकत्वाची शपथ तिनं गेल्या वर्षी घेतली. राष्ट्राध्यक्षासाठी हे तिचं पहिलं मत. तिची आत्या सुहैला गाझात आहे. तिचा फोन लागला तर लागतो, नाहीतर अरीज रिकाम्या ओट्यावरून पुन्हापुन्हा फडकं फिरवत राहते. म्हणून हे मत तिला कुणाच्या गहिवरावर उधळायचं नव्हतं. आणि कुणाला द्यायचं, हेही तिला कळत नव्हतं.

मग तिनं दोघांची भाषणं ऐकायला सुरुवात केली. फोन साखरेच्या डब्याला टेकवायचा आणि कांदा चिरायचा. एकच भाषण ती ऐकत नसे. खुर्चीवरचा, म्हणजे ट्रॅव्हिसचा, आमच्या गावाजवळ येऊन "शांतता" म्हणाला, की ती त्याच आठवड्यातलं त्याचं दुसऱ्या राज्यातलं भाषण लावी. तिथे तो "शेवटपर्यंत साथ" म्हणत असे, आणि टाळ्या जास्त पडत. दुसऱ्याचंही तसंच. इथे मशिदीच्या माणसांबरोबर हसरा फोटो, तिकडे त्याच माणसांच्या नावानं शिट्ट्या. "दोन तोंडं, आणि दोन्ही धुतलेली," ती मला पुसत म्हणाली.

मीही संशयीच झालोय. इतके ओठ लागलेत मला, की गोड बोलणारा कोणता आणि खरा कोणता, हे अजून चवीवरून सांगता येत नाही. जो मला खाली ठेवतो त्याला काय हवंय, एवढंच कळतं. आणि ते कळायलाही सवड लागते.

फोनवरचं ते बोलणं तिनं घसानला सांगितलं. तो उसळला, "आत्ता सांगतो बाबांना!"

"नको. त्यांचं हसं होईल. त्यांनी मनापासून दिलंय."

"मग तू काय करणार?"

"बघू," ती म्हणाली. ते 'बघू' मला आवडलं नाही. माणसं असं म्हणतात आणि मग काहीच करत नाहीत.

मतपत्रिका काल आल्या. आणि आज, शुक्रवारच्या नमाजानंतर, ट्रॅव्हिस पुन्हा हजर. हातात मिठाईचा खोका, काखेत अंगणात रोवायची पाटी. त्याला कुणीतरी शिकवून पाठवलेलं दिसलं, कारण आज त्यानं कॉफी एका दमात संपवली आणि डोळ्यांत पाणी येऊनही "वा" म्हणाला.

"अंगणात समोरच लाव," अबू घसान म्हणाला. "सगळ्या गल्लीला दिसू दे."

तेवढ्यात अरीज आली. हातात मी. तिनं स्वतःसाठी घोटभर कॉफी ओतून घेतली होती. ती सासऱ्यासमोर गालिच्यावर बसली आणि मला, भरलेल्याला, ओठही न लावता खाली ठेवलं.

उम्म घसानची जपमाळ थांबली. घसान दारातच उभा राहिला. ट्रॅव्हिस हसतमुखानं म्हणाला, "तुम्हालाही कडू लागते का?"

अबू घसान माझ्याकडे बघतोय. मागणारा समोर बसला की रीत कुणालाही मोडता येत नाही. सून असली तरी.

"काय हवं, पोरी?" तो विचारतो.

आत्ता मी इथे आहे. टवका उडालेली कड तिच्याकडे, वाफ विरळ होत चाललेली. कुणीतरी पटकन हो म्हणा आणि मला उचला, एवढंच माझं मागणं. निवलेली कॉफी पोटात घेऊन बसण्याइतकं अवघड दुसरं काही नाही.

अरीजनं आधी ट्रॅव्हिसकडे पाहिलं. "भाऊ, माझी आत्या गाझात आहे. तुमच्या माणसाला दुसऱ्या राज्यांतली भाषणं आणि इथली भाषणं एक करायला सांगा, मग मला भेटा. त्या दुसऱ्याचा माणूस आला तर त्यालाही मी हेच सांगणार आहे." मग ती सासऱ्याकडे वळली; त्याला ती काका म्हणते.

"काका, हाच पेला तुम्ही माझ्या वडिलांपुढे ठेवलात, तेव्हा 'प्या' म्हणण्याआधी ते उठून आत आले होते. मला विचारायला. मी विचार करीपर्यंत थांबले. तुम्हाला आठवतंय, कॉफी निवली होती. माझं मत देताना तुम्ही आत आला नाहीत. तुमचा शब्द तुम्ही पाळा, मी कुणालाही काही सांगणार नाही. पण माझी मतपत्रिका मी माझ्या खोलीत बसून भरीन. हेच मागायला आलेय." मग हळूच म्हणाली, "निवतेय, काका."