बागेतला खोटा दयाळ

मी स्पीकर. आवाज करणं हाच माझा धंदा, तरी स्वतःचं काही बोलायची ही पहिलीच वेळ. बागेच्या मधल्या वाटेवर, शिरीषाखाली तो करडा दगड आहे ना, तो दगड नाही. ते फायबरचं टरफल आहे आणि आत मी आहे. चार बोल्टांनी मला सिमेंटमध्ये असं आवळलंय की हलायची सोय नाही.

कारखान्यात माझी चाचणी घेणाऱ्या बाई म्हणाल्या होत्या, "आवाज खणखणीत आहे हं!" मी फुशारलो. वाटलं, एखाद्या शाळेत जाईन, संमेलनात पोरांचे आवाज गच्चीपर्यंत पोचवीन. पण नशिबी आलं हे टरफल.

त्याला कारण झाला बागेशेजारचा उड्डाणपूल. तो सुरू झाला आणि दिवसभर गाड्यांची घरघर बागेत शिरली. आधी बुलबुल गेले, मग शिंपी, मग सूर्यपक्षी. रोज फिरायला येणारे एक काका आहेत, दर फेरीला मनगटाकडे बघतात म्हणून सगळे त्यांना घड्याळकाका म्हणतात. त्यांनी बागेच्या साहेबांमागे धोशा लावला. "अहो, पूर्वी पक्षी कसे गायचे इथे! आता कानात नुसता पूल भरतो. काहीतरी करा."

साहेब माणूस वाईट नाही. पक्षी का गेले हे शोधायचं सोडून त्यांनी पक्ष्याचा आवाज विकत आणला, एवढंच. कुठल्यातरी शांत रानात टिपलेलं दयाळ नराचं गाणं, चार मिनिटांचं. सकाळी सुरू, संध्याकाळी बंद, मधे थांबणं नाही. पुलाच्या घरघरीवर ऐकू जावं म्हणून आवाजही चांगला चढवलेला.

आता गंमत बघा. बागेत एक खरा दयाळ उरला होता. काळापांढरा, शेपटी सदा ताठ. शिरीषाच्या ढोलीत त्याची मादी होती आणि नुकतीच अंड्यातून निघालेली चार पिल्लं. मी सुरू झालो त्या सकाळी तो थेट माझ्या डोक्यावर येऊन बसला. मला बरं वाटलं, म्हटलं चला, कोणीतरी भेटायला आलं. तो भांडायला आला होता.

हे मला माळ्याकडून कळलं. तो झाडांना आळी करत होता आणि त्याची बायको वाट झाडत होती.

"अगं, तो गातो म्हणजे सांगतो, ही जागा माझी आहे, इकडे फिरकू नका," माळी म्हणाला. "आणि हे डबडंही दिवसभर तेच सांगतंय, त्याच्यापेक्षा मोठ्यानं."

"मग त्यानं जायचं कुठं? वर पिल्लं आहेत ना?"

"तेच तर."

तो दिवसभर माझ्याशी भांडायचा. पुलाच्या घरघरीतून वर निघावा म्हणून आवाज बारीक, चिरका करून ओरडायचा. जाळीवर चोची मारायचा. किडे आणायला एकटी मादी, तिची नुसती तारांबळ. चार पिल्लांचे आवाज होते, आठवड्यात दोनच ऐकू यायला लागले. मला गप्प बसायचं होतं हो! पण माझं बटण लोखंडी पेटीत आणि पेटीची किल्ली साहेबांकडे. मी आपला तिथेच अडकलेला, छान छान गातोय.

माळी साहेबांकडे जाऊन आला. "लोक खूश आहेत," साहेब म्हणाले. "तुम्ही नवीन काही उकरून काढू नका."

दुसऱ्या दिवशी माळ्याची कुदळ 'चुकून' माझ्या वायरवर पडली.

काय सांगू त्या शांततेचं! दयाळ बराच वेळ फांदीवर संशयानं बसून राहिला. मग एकदा गायला. उत्तर आलं नाही. मग मात्र लागला कामाला. तीन दिवस तो आणि मादी आळीपाळीनं ढोलीत किडे नेत होते, पिल्लांचा आवाज वाढत होता, आणि मधल्या वेळात तो मनसोक्त गात होता. माझ्या आयुष्यातले तेवढेच सुखाचे दिवस.

चौथ्या दिवशी घड्याळकाका थबकले. "अहो माळीबुवा, पक्षी कुठे गेले?"

माळी हसला. "काका, वर बघा की. तो काय गातोय."

काकांनी मान तिरकी करून अगदी मनापासून ऐकलं. "हा होय? हा काय किरकिरतोय! आधीचा किती सुरेल होता. त्याला हाकललंत की काय तुम्ही?"

माळ्याची बायको खराटा टेकवून म्हणाली, "काका, आधीचा डब्यातला होता हो."

"काहीतरीच काय!" म्हणून काका तडक साहेबांकडे गेले.

दुपारपर्यंत माझी वायर लोखंडी पाइपातून आली. आवाज आणखी चढला. माळ्याला तंबी मिळाली.

दयाळ दोन दिवस झुंजला. तिसऱ्या दिवशी तो आला नाही. मादी एक दिवस ढोलीपाशी घिरट्या घालत राहिली, मग तीही दिसेना. संध्याकाळी माळ्यानं शिडी लावून ढोलीत डोकावलं. "आहेत का हो?" बायकोनं खालून विचारलं. तो खाली उतरला, नळावर हात धुतले आणि शिडी उचलून चालायला लागला.

आता बागेत मी एकटाच गातो. काका नव्या लोकांना कौतुकानं सांगतात, "या बागेत पक्षी फार." आणि मी दिवसभर त्या रिकाम्या झाडांना बजावत असतो, ही जागा माझी आहे, इकडे फिरकू नका.

तुम्ही साहेबांना गाठा. मला बंद करायला सांगा. आणि लगेच 'पक्षी कुठे गेले' म्हणून विचारू नका, थोडे दिवस थांबा. जागा मोकळी झालीय हे पक्ष्यांना कळायला वेळ लागेल. आणि कोणी आलाच, तर तो माझ्यासारखा गाणार नाही. त्याला तेवढं चालवून घ्या.