गौरीची चूळ

तारापूरकडच्या माहीमच्या वाडीत सुलूकाकूंचं कुणाशी वाकडं नव्हतं, फक्त गवताशी होतं. रानातल्या गवताशी नव्हे. पुतण्या शैलेशने चिकूची झाडं काढून घरापासून तळ्यापर्यंत जे मऊशार लॉन केलं होतं, त्याच्याशी. आता वाडीला रिसॉर्ट म्हणायचं होतं. शनिवार-रविवारी मुंबईचे पाहुणे येत, गवतावर अनवाणी चालत आणि तळ्याकडे पाठ करून फोटो काढत.

सुलूकाकू लग्न होऊन आल्या तेव्हा तळ्याच्या काठाला अळू आणि कर्दळीचा दाट पट्टा होता. वाडीतलं शेणामातीचं पाणी त्यातून गाळून खाली उतरायचं. तळाशी हात घातला तर बोटांची नखं दिसायची. शैलेशने तो पट्टा उपटला, कारण पाहुण्यांना खोलीतून पाणी दिसायला हवं होतं. मग माळी मूठमूठ युरिया फेकू लागला, वर तणनाशक मारू लागला, आणि सर आली की ते सगळं उतारावरून तळ्यात. कापलेलं गवतही तो काठावरच ढकलायचा. श्रावण सरता सरता तळं पातळ पालकासारखं दिसू लागलं. वासही तसाच, शिळ्या पालकाचा.

"शैलेश, पाऊस तोंडावर असताना तरी युरिया टाकू नको रे. टाकायचाच तर निम्मा टाक. आणि काठाला चार हात जागा सोड, मी अळू लावते."

"काकू, अळूत डास होतात."

"आणि या हिरव्या रबडीत काय राजहंस होतात?"

"पाण्याची एवढी काळजी आहे तर तारापूरला जा. कारखान्यांना विचार."

"त्यांनाही विचारावं. पण तारापूरचं पाणी आपल्या तळ्यात येत नाही. तुझ्या लॉनचं येतं."

मग शैलेश हसायचा, त्यांच्या खांद्यावर हात ठेवायचा आणि म्हणायचा, "बघू."

"त्याच्या 'बघू'ला आता मिशा फुटल्या," कृष्णकांतकाका झोपाळ्यावरून म्हणत. सुलूकाकूंना नवऱ्याचा हा विनोदही आताशा नकोसा झाला होता.

अशात गौरी आल्या. या घरी गौरी खड्यांच्या. घरातल्या सवाष्णीने तळ्याच्या पाण्यातले खडे उचलून तबकात ठेवायचे आणि मुक्याने घरी आणायचे. वाटेत बोलणं होऊ नये म्हणून त्याच पाण्याची चूळ तोंडात धरायची, ती दारात पाय धुतल्यावर टाकायची. सुलूकाकूंचे गुडघे धरले होते, म्हणून या वर्षी मान शैलेशच्या बायकोचा, समिधाचा.

काठावर समिधाने पदराखालून पाण्याची बाटली काढली.

"हे काय गं?"

"चुळीसाठी. कुणाला कळणार आहे, काकू?"

"मला कळलं की."

"मग तुम्हीच सांगा, हे तोंडात घेऊ?"

काल माळ्याने युरिया फेकला होता आणि पहाटे पाऊस पडून गेला होता. काठाला हिरवी साय धरली होती. घे, असं सुलूकाकूंना म्हणवेना. घेऊ नको म्हणणंही जिवावर आलं. ज्या पाण्यातून गौरी आणायची, ते तोंडात धरायचं नाही, तर तिला आणायची तरी कुठून? त्यांनी समिधाच्या हातून तबक ओढूनच घेतलं.

"तू पुढे हो. दारात माझे पाय धुवायला थांब."

बसत, टेकत त्या पाण्याशी गेल्या. साय बाजूला करून खडे उचलले. बुळबुळीत लागले. मग ओंजळ भरली आणि डोळे मिटून चूळ तोंडात घेतली.

लॉनवर शैलेश पाहुण्यांना वाडी दाखवत होता. "या आमच्या काकू. काकू, सांग ना, तळं कधीचं?"

काकू गाल फुगवून चालत राहिल्या. तोंडात कुजक्या पेंढ्याची चव होती, आणि तो मागून सांगत होता, "आमच्याकडे सगळं नॅचरल आहे."

समिधाने दारात काकूंचे पाय धुतले. मागोमाग पाहुणेही ओटीवर सरबताला आले होते; काकूंनी त्यांच्या ट्रेमधला रिकामा ग्लास उचलला आणि चूळ त्यात टाकली. हिरवट पाण्यात बारीक तंतू तरंगत होते. एका पाहुणीने हातातलं सरबत खाली ठेवलं.

"काकू, हे तोंडात कशाला घेतलंस?" शैलेश उतरल्या चेहऱ्याने म्हणाला.

"आपली गौरी याच पाण्यातून आली, बाबा."

त्याने घाईने फोन काढला. "आजच औषध मागवतो. तळ्यात टाकलं की पाणी काचेसारखं होतं म्हणतात."

सुलूकाकू पायरीवर खालीच बसल्या. एवढं तोंड विटाळून घेतलं, आणि हा अजून एक पोतं आणणार होता.

"मागव," समिधा म्हणाली. "पण पुढच्या वर्षी चूळ मी भरणार. त्याआधी त्या पाण्याचा एक घोट तू घ्यायचा."

शैलेशने ग्लासाकडे पाहिलं आणि फोन खिशात ठेवला. "मग करू काय?"

"माळ्याचं गवत कापायचं मशीन काठापासून चार हात लांब ठेव," काकू म्हणाल्या. "औषध नको, युरिया नको."

"आणि पाहुण्यांचे फोटो?"

"अळूपुढे काढतील," काका आतून म्हणाले. "तुझ्यापेक्षा तो बरा दिसतो."

"बघू," शैलेश सवयीने म्हणाला. मग समिधाकडे बघून म्हणाला, "सांगतो माळ्याला."

दुसऱ्या दिवशी नैवेद्याच्या भाजीला शेजारच्या आनंदीने तिच्या विहिरीवरचा अळू दिला. काकूंनी तो गड्ड्यांसकट मागून घेतला होता. पानं स्वयंपाकघरात गेली आणि गड्डे ओल्या गोणपाटात घेऊन त्या तळ्यावर गेल्या. माळी मशीन पुसत होता. काठाला न कापलेली पट्टी होती, पण जेमतेम दोन हातांची.

"चार हात सांगितले होते ना?"

"शेट दोनच बोलले."

सुलूकाकूंनी घराकडे पाहिलं. शैलेश ओटीवर पाहुण्यांशी हसत होता. त्यांनी पदर खोचला. मग खुरपं घेतलं. दोन हातांच्या पट्टीत मावले तेवढे गड्डे लावले, आणि उरलेल्यांसाठी लॉन उकरायला बसल्या.