टक वाजलं पाहिजे

"मास्तर, आठवडा नाही झाला तुम्ही वायरिंग करून, आणि बॅटरीचा दिवा परत पेटलाय," ड्रायव्हर दारातूनच म्हणाला. तो पेशंटांची ने-आण करणारी व्हॅन चालवायचा. "काल भर चौकात गाडी ठप्प. एका म्हाताऱ्या बाईंना तासभर उन्हात बसावं लागलं."

मास्तर उठले आणि त्यांनी बॉनेट उघडलं. त्यांची मुलगी मीटर घेऊन पुढे झाली. अकरा वर्षं ती वडिलांच्या हाताखाली गाड्यांचं वायरिंग करत होती, पण त्यांच्या हातची गाडी त्याच तक्रारीसाठी परत आलेली तिने पाहिली नव्हती. या हातांवरचा लोकांचा विश्वास हीच बाबांची सगळी कमाई होती. तो गेला तर घरी बसून हा माणूस करणार काय?

इंजिन चालू होतं, तरी मीटर बारा व्होल्टच्या पुढे सरकेना. चौदाच्या आसपास हवा. म्हणजे अल्टरनेटर बॅटरी चार्जच करत नव्हता.

"अल्टरनेटरच गेला असणार," ड्रायव्हर म्हणाला. "ज्याच्याकडून घेतला त्या गॅरेजवाल्याने जुनाच रंगवून माझ्या गळ्यात मारलाय."

सुटायला आयती वाट होती. पण मास्तर म्हणाले, "आधी माझं काम तपासू."

तिने इंजिन बंद करून अल्टरनेटरच्या मागे हात घातला. तिथे नजर पोचत नाही, बोटांनीच चाचपावं लागतं. वायरी जोडणाऱ्या कपलरमध्ये तीन बारीक वायरींच्या तीन पिना. दोन घट्ट होत्या. तिसरी मात्र बोट लागताच मागे सरकली. पिन पुरती बसली की खाचेत अडकून टक वाजतं. ते वाजल्याशिवाय काम झालं म्हणायचं नाही, हे सांगून सांगून बाबांनीच तिचे कान किटवले होते.

तिने पिन दाबली. टक वाजलं, चांगलं खणखणीत. बाबा मात्र अजून तिच्या तोंडाकडे बघत उभेच होते.

तिला एकदम सगळा उलगडा झाला. वर्षभरात बाबा फोन उचलेनासे झाले होते. गिऱ्हाईक बोलायला लागलं की ते टक लावून त्याच्या ओठांकडे बघायचे. आणि ती मात्र त्यांना विसरभोळे म्हणून चिडवत होती. तिला स्वतःचीच लाज वाटली.

इंजिन पुन्हा चालू केलं. दिवा विझला, मीटर चौदावर गेला.

"पिन सुटली होती," ती ड्रायव्हरला म्हणाली. "खड्ड्यांनी सुटते कधीकधी."

मास्तरांनी तिचे ओठ वाचले. "सुटली नव्हती, बसलीच नव्हती," ते शांतपणे म्हणाले. "मला हल्ली नीट ऐकू येत नाही. चूक माझी. त्या बाईंना तसंच सांगा." मग मुलीकडे वळून म्हणाले, "इंजिन बंद कर आणि ती पिन काढ. माझं काम आहे, मीच पुरं करतो."

तिने पिन काढून दिली. एवढा मोठा माणूस तिने आजवर पाहिला नव्हता. मास्तरांनी हात आत घातला, पिन दाबली आणि मान वर केली.

"वाजलं का गं?"

तिने तोंड उघडायच्या आत ड्रायव्हरच पुढे आला आणि त्यांच्या कानाशी वाकून म्हणाला, "वाजलं, मास्तर."