ऐंशीच्या वेगाला

“आला आवाज! आता ऐका काका,” मृण्मयी म्हणाली. पिरंगुटचा घाट उतरून गाडी पौडच्या सरळ रस्त्याला लागली होती. काटा ऐंशीवर होता.

जयसिंगनं ऐकत असल्यासारखी मान हलवली. त्याला काहीच ऐकू आलं नव्हतं.

भूगावात सव्वीस वर्षं तो सायलेन्सरची कामं करत होता. गाडी दारात यायच्या आधीच, नुसत्या आवाजावरून, कुठं फुटलंय ते सांगायचा. पण दिवाळीपासून जाड, खोल आवाज एकेक करून हरवत चालले होते. बाईमाणसाचं बोलणं, पान्याची टिंगटिंग नीट ऐकू यायची. मागच्या महिन्यात मात्र पौडच्या स्टँडवर एसटी पाठीशी आली तरी कळलं नाही. कुणीतरी दंड धरून ओढलं म्हणून वाचला. तेव्हापासून रस्ता ओलांडताना तो दोनदा मागं वळून बघायचा, पण घरात कुणाला सांगायचा धीर होत नव्हता.

“माझ्या नवऱ्यानं, निषादनं, हौसेनं नवा सायलेन्सर बसवला,” मृण्मयी सांगत होती. “तेव्हापासून ऐंशीला गाडी घुमते. दर शनिवारी आईकडे सांगलीला जाते, पोचेपर्यंत डोकं फुटायची वेळ येते. निषाद म्हणतो, तुझा भास आहे. दोन मेकॅनिक तेच म्हणाले. आता मलाच माझी भीती वाटते. खरंच आहे ना आवाज?”

‘न्हाई’ म्हटलं असतं तर सुटका होती. जयसिंगनं तिच्याकडं पाहिलं. स्टेअरिंगवरची तिची बोटं पांढरी पडली होती. त्यानं वाकून पायाखालच्या पत्र्यावर तळवा टेकला. पत्रा थरथरत होता.

“हाय आवाज. तुमचा भास न्हाई.” त्यानं तळवा उचलून कानाकडं नेला. “पर मला त्यो ऐकू येत न्हाई, मॅडम. माझं कान गेल्यात. हात माझं, ऐकायचं तुमी. चालंल?”

तिनं गाडी भूगावकडं वळवली. “चालेल.”

गॅरेजात त्यानं सायलेन्सरच्या पाइपाला टोक बंद केलेली एक नळी जोडली. घुमणारा आवाज तीत शिरून माघारी येतो आणि मागून येणाऱ्या आवाजाला मारतो. फक्त लांबी अचूक लागते. पूर्वी ही लांबी तो कानानं ठरवायचा. आता दोघं तीनदा रस्त्यावर जाऊन आली. “कमी झालाय, पण आहे,” ती सांगायची आणि तो नळी बोटभर कापून पुन्हा बंद करायचा. चौथ्या खेपेला, ऐंशीवर, ती काही बोललीच नाही. त्यानं घाबरून पाहिलं. तिचे खांदे सैल पडले होते.

“गेला,” ती म्हणाली.

गॅरेजपाशी त्याला सोडताना तिनं विचारलं, “घरी माहितीये?”

“न्हाई.”

“सांगा काका. आजच.”

गाडी दिसेनाशी झाल्यावर त्यानं घरी बायकोला फोन लावला.

“जेवाय येताय न्हवं? दोन वाजाय आलं,” चंद्राबाईचा आवाज खणखणीत आला.

“चंद्रा, ऐक. माझ्या कानाला कायतरी झालंय. लई दिस झालं. डाक्टरकडं जायाचंय. तू संगं चल.”

पलीकडून त्याला काहीच ऐकू आलं नाही. ती गप्प झालीय, की खालच्या, जाड झालेल्या आवाजात काही बोलतेय, त्याला कळेना. फोन कानाशी दाबून धरून तो तसाच उभा राहिला.