कोणाचंच नसलेलं झाड

"रोड म्हणते याले. बकरी नाई चालत इथून, अन् आमाले चालवून राह्यले," बुधरी पुटपुटली. ती इतकी जवळून चालत होती की तिचा श्वास कमळाच्या मानेला लागत होता. पण बोलणं कमळाशी नव्हतं. नऊ वर्षांत नव्हतंच. कमळानं पुढची काटेरी फांदी बुधरी पार होईपर्यंत धरून ठेवली. तिच्याच्यानं तेवढंच होण्यासारखं होतं.

खालून नवा रस्ता झाला तसा डोंगरावरचा हा जुना घाटरस्ता टाकून दिलेला. डांबराचे पोपडे निघाले होते, मधूनच सागाची रोपं वर आली होती, किलोमीटरच्या दगडावर वारूळ चढलं होतं. रस्ता सुटला, पण कडेची मोहाची झाडं काही गावाला सुटली नव्हती. कोणतं झाड कोणत्या घरचं, हे आजवर नुसतं तोंडी चालत आलेलं. आता ग्रामसभेला ते कागदावर हवं होतं. म्हणून चौघं निघाली होती. लिहायला कमळाची सून दीपिका, दोन वर्षांपूर्वी राजुऱ्याकडून आलेली, बारावी शिकलेली. झाडं ओळखायला कमळा आणि बुधरी. आणि वाट दाखवायला बुधरीचा नवरा लच्छू, कारण हा घाट त्याच्याइतका कोणी तुडवला नव्हता.

लच्छू पूर्वी वनखात्याच्या रोजंदारीवर जंगलातल्या आगी विझवायचा. नऊ वर्षांपूर्वी या घाटात लागलेली मोठी आगही त्यानंच विझवली, उजव्या हाताची बोटं कायमची आखडून घेतली, आणि खापरही त्याच्याच डोक्यावर फुटलं. त्याची बिडी पडली, असं गाव साहेबापुढं म्हणालं. काम गेलं. माजरीला जाऊन सात वर्षं कोळशाच्या गाड्या भरल्या, तेव्हा कुठं परतला.

बिडी नव्हती ती. मोहफुलं वेचायच्या आधी झाडाखालचा पाचोळा जाळतात, म्हणजे फूल नजरेला पडतं. पण त्याआधी झाडाभोवती गोल झाडून घ्यायचं असतं, आग त्या गोलाबाहेर जाऊ नये म्हणून. ही रीत लहान पोरींनाही ठाऊक. त्या सकाळी कमळाला अस्वलाच्या आणि जावेच्या आधी झाडाशी पोचायचं होतं. त्यातल्या त्यात अस्वलाची भीती कमी होती. घाईत तिनं झाडलंच नाही. काडी ओढली, वारा सुटला, आणि कमळा टोपली टाकून घराकडे पळाली.

झाड कोणाचं हे गावाला माहीत होतं, म्हणजे काडी कोणाची हेही. पण कमळाचा नवरा गावचा पाटील, आणि लच्छू पडला घरजावई. गावानं बिडी पसंत केली.

दीपिका विचारत होती, लिहीत होती. हे सुकलूभाऊचं, ते रुखमाबाईचं, हे दोघं भावांचं, एकाआड एक वर्षाचं. सतरा झाडं झाली. पुढच्या वळणावर, जिथं पूर्वी एसटीचा ड्रायव्हर इंजिनात पाणी ओतायला थांबायचा, तिथं अठरावं उभं होतं. अर्धं जळकं, अर्धं जिवंत. नऊ वर्षं त्याची फुलं कोणी वेचली नव्हती. अस्वलांची चंगळ होती.

"हे कोणाचं?" दीपिकानं विचारलं.

बुधरी पायातला काटा शोधू लागली. कमळाला वाटलं, आता ही बोलेल. बोलली तर सुटेन. पण बुधरीला काटा काही सापडेना.

लच्छूनं आखडल्या बोटांनी झाडाची काळी साल खरवडली. सुनेकडे न बघताच म्हणाला, "लिही पोरी, कोणाचंच नाई."

दीपिका हसली. कोणाचंच नाही असं झाड असतं होय, इतका वेळ तर एकेक फांदीचाही मालक निघत होता, म्हणाली. पण लच्छूभाऊ सांगतात म्हणून तिनं पेन टेकवलं.

कमळाच्या कानशिलांना ऊन लागल्यासारखं झालं. गावानं तिला झाकलं होतं ते पाटलाला भिऊन. हा माणूस तिला कशासाठी झाकत होता? तिच्या सुनेपुढं तिची मान खाली जाऊ नये म्हणून. जळलेल्या हातानं.

लच्छू पुढच्या झाडाकडे वळलाही होता.

"थांब लच्छूभाऊ," कमळा म्हणाली. मग सुनेच्या वहीवर हात ठेवला. "माह्यं नाव लिही, बाई. हे झाड माह्यं हाय. ती आग मी लावली होती."